दीनाचं रडणं

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे. कुणाच्या मित्राच्या मित्राची नाही. शेवटचा भाग तर माझ्या स्वतःच्या घरात, नांदेडला घडलाय आणि अजून संपलेला नाही. विश्वास ठेवायचा की नाही ते तुम्ही ठरवा. गावाचं नाव तेवढं लिहीत नाही, कारण ती माणसं अजून तिथंच राहतात.

तुम्ही विचाराल, रात्र कुठली होती? अमावस्या होती का?

रात्र नव्हतीच.

तीन-चार वर्षांपूर्वीचा मे महिना. उदगीरहून देवणीकडं जाताना आत वळलं की लागणारं एक खेडं. आणि भर दुपार...

मराठवाड्यातली मे महिन्यातली दुपार ज्यानं पाहिलीय त्याला वेगळं सांगायला नको. गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नाही. दारं लोटलेली, माणसं आत पडलेली, बाहेर नुसतं पांढरं ऊन. त्यापेक्षा रात्र बरी. रात्री निदान कुणीतरी खोकतं.

माझ्या मावशीचं नाव सलोमी. सगळं उदगीर तिला सलोमीअक्का म्हणतं. जन्मभर दवाखान्यात नर्स होती. नवरा लवकर गेला, पोरबाळ नाही. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं सांभाळतात, हिनं रडणारी माणसं सांभाळायला घेतली. आमच्या ख्रिस्ती मंडळीत कुठं मयत झाली की चर्चच्या पाळकसाहेबांच्या आधी मावशी हजर. पिशवीत पवित्र शास्त्र, चष्मा, बीपीच्या गोळ्या आणि एक धुतलेला पंचा. प्रार्थना करून, चहा पिऊन उठणाऱ्यांतली ती नव्हती. त्या घरातली भांडी घासायची. नवरा गेलेल्या बाईचं डोकं धुऊन द्यायची. म्हाताऱ्यांना हातानं भरवायची. तिच्याइतकी मायाळू बाई मी पाहिलेली नाही, हे आधीच सांगून ठेवते. पुढचं वाचून तिला नावं ठेवू नका.

फक्त एका बाबतीत ती कडक होती.

हेल काढून रडायचं नाही.

आमच्याकडं गावात कुणी गेलं की बायका एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि सूर लावून रडतात. गेलेल्याचं नाव घेत, त्याच्याशी बोलत, लांब हेल काढत. आमच्या घरांतून ते आजोबांच्या काळातच बंद झालं. गेलेला माणूस प्रभूजवळ आहे, पुन्हा भेटणार आहे, मग आशा सुटल्यासारखा आक्रोश कशाला? हळूच डोळे पुसावेत, गीत म्हणावं. मावशी यावरच जगली. ती आशा खोटी आहे असं मी आजही म्हणणार नाही.

पण त्या दिवशी...

त्या दिवशी अण्णारावांची नात गेली. अक्षरा. सहा वर्षांची.

अण्णाराव आणि त्यांची बायको गुणाबाई आमच्याच मंडळीतले. मुलगा शमुवेल, सून दीना. थोडी जमीन आणि जमिनीच्या कडेला शेततळं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. मोठा चौकोनी खड्डा, चारी बाजूंनी उतार, आणि पाणी मुरू नये म्हणून सगळीकडं काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. पाण्याजवळ त्यावर शेवाळ धरतं. एकदा पाय घसरला की धरायला काही नाही. पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही.

दीना शेजारच्याच वावरात कांदे काढत होती. पोरीला हाक मारली. ओ आली नाही. पुन्हा मारली...

काठावर एक चप्पल होती.

मावशी पोहोचली तेव्हा पोरीला अंगणात निजवलं होतं. नाताळला घेतलेला फ्रॉक घातला होता. दीना उशाशी बसलेली. तोंड उघडं, पण अजून आवाज फुटलेला नव्हता.

तेवढ्यात शेजारची शरणम्मा आली. लिंगायताची बाई, दीनाच्या आईच्या वयाची. अक्षरा तिच्या ओसरीवरच खेळून मोठी झाली होती. तिनं येताच दीनाच्या गळ्यात हात टाकले आणि सूर लावला.

"अक्षू गं माझ्या बाई... आता कुनाला आज्जी म्हनशील गं..."

दीनाचं सगळं अंग हललं. छाती वर आली. पोटातून काहीतरी निघालं, घशापर्यंत आलं...

आणि मावशीनं तिच्या तोंडावर हात ठेवला.

दाबला नाही. मायेनं ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

"न्हाई पोरी. अक्षू प्रभूच्या कुशीत हाय. आपण असं रडत न्हाई. गीत म्हणू, चल."

मग तिनं शरणम्माला हलकेच बाजूला केलं. "अक्का, राग मानू नका. आमच्यात हे चालत न्हाई."

शरणम्मा डोळे पुसत म्हणाली, "चालत न्हाई कसं? रडू द्या की हो तिला. आई हाय ती."

कुणी ऐकलं नाही. गीत सुरू झालं.

मावशी सांगते, दीनाचं तोंड मिटलं तेव्हा मावशीच्या तळहाताला काहीतरी गरम लागलं. मोठ्या श्वासासारखं. आणि मग ते आत परत गेलं.

दफनाच्या वेळी दीना रडली नाही. पेटीवर माती पडली तेव्हाही नाही. लोक हळहळत होते आणि कौतुकही करत होते. काय विश्वास बाईचा! मावशीलासुद्धा त्या दिवशी बरंच वाटलं. हे तिनं मला नंतर स्वतःहून सांगितलं आणि सांगताना माझ्याकडं बघितलं नाही.

ती त्या घरी राहिली. सांत्वनाची प्रार्थना होईपर्यंत राहायचं असं तिचं ठरलेलंच असायचं.

दुसऱ्या दिवशीची दुपार. शरणम्मानं एवढं होऊनही भाकरी-पिठलं पाठवलं होतं. शेजारधर्म तिनं सोडला नाही. सगळ्यांनी दोन-दोन घास चिवडले. पुरुषमाणसं बाहेर लिंबाखाली आडवी झाली. लाइट गेलेली. गुणाबाई तोंडावर पदर घेऊन पडली. ओसरीवर मावशी आणि दीना समोरासमोर भिंतीला टेकून बसल्या होत्या.

माठातलं पाणी ठिबकताना ऐकू येत होतं, इतकं सगळं गप्प.

आणि मग...

आतल्या खोलीत कुणीतरी मुसमुसलं.

मावशीला वाटलं गुणाबाई. पण गुणाबाई तर समोरच निजलेली.

मुसमुसणं वाढलं. मग त्याला सूर लागला. लांब, कापरा, खालून वर चढत जाणारा...

"अक्षू गं... पान्याकडं जाऊ नगं गं माझ्या बाई..."

मावशीच्या हातातला विंझणा थांबला.

आवाज दीनाचा होता.

आणि दीना समोर बसलेली होती. ओठ मिटलेले. डोळे कोरडे.

ती आतल्या दाराकडं बघत होती. घाबरली नव्हती. आपली वस्तू दुसऱ्याच्या हातात दिसली की माणूस बघतं, तसं बघत होती.

मावशी उठली. उभा जन्म दवाखान्यात काढलेली बाई, ती भुताखेताला भिणारी नव्हे. दार ढकललं. आवाज बंद. आत ज्वारीची पोती, लोखंडी कपाट, कोपऱ्यात दीनाच्या अंथरुणाची घडी. माणूस नाही. मागं दार नाही. खिडकीला गज.

तिनं घडीवर हात ठेवला.

वरची उशी ओलीचिंब होती.

तिनं कुणाला काही सांगितलं नाही. उन्हानं डोकं फिरलं असेल, असं स्वतःला समजावलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. त्याच वेळी गुणाबाई दचकून उठून बसली आणि मावशीचा हात घट्ट धरला.

"अक्का, दीना रडायली का?"

"न्हाई. ती बघ की तिथं बसलीय."

गुणाबाईनं सुनेकडं बघितलं. मग आतल्या दाराकडं. ती सरकत येऊन मावशीला चिकटली.

त्याच दिवसापासून दीनाचा आवाज बसत चालला. आधी घोगरा झाला, मग नुसती कुजबुज. शमुवेलनं तिला मोटरसायकलवर बसवून उदगीरला नेलं. डॉक्टर म्हणाले, घसा चांगला आहे, मनाचा धक्का आहे, आराम करू द्या. गोळ्या दिल्या. दीनानं घेतल्या. ती सगळं सांगितलेलं ऐकत होती. जेव म्हटलं की जेवायची, बस म्हटलं की बसायची. अशा माणसाची जास्त काळजी वाटते, कारण ते तिथं नसतंच.

सांत्वनाच्या प्रार्थनेला उदगीरहून बरीच मंडळी आली. अंगणात ताडपत्री बांधली होती. ऊन कलायला लागलेलं. पाळकसाहेब चांगला माणूस, मनापासून बोलत होते. बोलता बोलता म्हणाले, आपल्या दीनाबाईंकडं बघा. एवढं दुःख, पण डोळ्यांत पाणी नाही. ही साक्ष आहे...

घरातून हंबरडा आला.

नुसता हंबरडा. शब्द नाही, सूर नाही. वासरू गेलेल्या गाईसारखा.

सगळ्यांच्या माना घराकडं वळल्या. मग एकेक करून दीनाकडं. ती पहिल्याच रांगेत होती. हात मांडीवर. तोंड बंद.

पाळकसाहेबांनी घाम पुसला. पुढची प्रार्थना एवढी भरभर उरकली की आमेन म्हणायला लोक मागं राहिले. चहा तसाच पातेल्यात राहिला. बायका चपला शोधत होत्या आणि कुणी कुणाच्या तोंडाकडं बघत नव्हतं.

त्या दिवशी मावशी हादरली. पण हार मानणारी ती नव्हे. हा सैतानाचा खेळ आहे, असं तिनं ठरवलं. दुसऱ्या दिवशी उपास धरला. दुपारी आतल्या खोलीच्या मधोमध उभी राहिली. आवाज सुरू झाला. अगदी कानापाशी. मावशीनं हात वर केला.

"प्रभूच्या नावानं सांगते. निघ हितून. हे घर सोड."

आवाज थांबला.

आणि निघाला.

खरंच निघाला. भिंतीतून अंगणात गेला, अंगणातून गोठ्याकडं. शेळ्या एकदम उठून उभ्या राहिल्या. मावशी गुडघ्यावर बसली आणि तिनं प्रभूचे आभार मानले. बिचारी.

दुसऱ्या दुपारी तो गोठ्यामागं होता.

तिनं पुन्हा आज्ञा केली. तो पुन्हा सरकला. लिंबापाशी. त्याच्या पुढच्या दुपारी बांधावर. मावशीला वाटत होतं आपण त्याला घालवतोय. दीना आता ओसरीच्या कडेला येऊन बसायची, मग अंगणात, मग लिंबाखाली. आवाज जिथं असेल तिकडं तोंड करून.

हे सगळं शरणम्मा आपल्या दारातून बघत होती. अंगणात पाय ठेवत नव्हती. शेवटी तिनं मावशीला कुंपणाशी बोलावलं.

"बाई, तुम्ही त्येला कुठं हाकलायलाव?"

"घराबाहेर."

"घराबाहेर कुठं? बगा की जरा. लिंबाच्या म्होरं बांध. बांधाच्या म्होरं काय हाय?"

मावशीनं बघितलं.

बांधाच्या पुढं शेततळं होतं.

"बाईचं रडनं तुम्ही तोंडातच आडवलं," शरणम्मा म्हणाली. "त्ये कुठंतरी जानारच की. आन जित्याचं रडनं गेलं तिकडं जितं मानूस बी जातंय मागं. म्या शिकलेली न्हाई, माझं खोटं बी असंल. पर त्या पोरीवर नजर ठिवा."

मावशी मागं वळली.

लिंबाखाली कुणी नव्हतं.

घोंगडी तशीच होती. बसल्याचा खळगा तसाच. दीना नव्हती.

आणि लांब, बांधाच्या पलीकडून, तो आवाज येत होता... बोलावल्यासारखा.

मावशी धावली. साठी उलटलेली, बीपीची बाई, नांगरटीतून अनवाणी धावली. ढेकळं तव्यासारखी तापलेली. "दीना! ए दीना!" ओ येत नव्हती. पुन्हा मारली हाक. ओ नाही. शरणम्मा मागं वळून "शमू! आरं शमू!" करत ओरडत सुटली.

तारेचं कुंपण एका ठिकाणी वाकवलेलं होतं.

दीना आतल्या उतारावर बसली होती. काळ्या कागदावर, पाय पाण्याच्या दिशेला. टाचा रोवायचा प्रयत्न करत होती आणि टाचा सरकत होत्या.

पाणी हिरवं, स्थिर. एक तरंग नाही. आणि त्या पाण्याखालून तिचाच आवाज हेल काढत होता.

"दीना, हलू नको पोरी. मी आले."

दीनानं मान वळवली. कुजबुजली. त्या उन्हात, त्या शांततेत मावशीला शब्द न् शब्द ऐकू आला.

"अक्का, माझं रडनं तिकडं गेलंय. अक्षूपाशी. घेऊन येते."

मावशीला पोहता येत नाही. ती बसली आणि घसरत उतरली. कागद इतका तापलेला की मांड्यांना फोड आले. एका हातानं तिनं दीनाची वेणी धरली, दुसऱ्या हातानं पदर. दोघीही इंच इंच खाली सरकायला लागल्या.

तिनं प्रार्थना केली. नेहमीची, घोटलेली प्रार्थना तोंडातून आली आणि मध्येच तुटली. मावशीनं मला सांगितलं, त्या वेळी तिला एकच दिसलं. पवित्र शास्त्रात सांगितलंय तसा आपला प्रभू मेलेल्या मित्राच्या थडग्यापाशी उभा आहे. त्याला ठाऊक आहे की आता हाक मारली की मित्र उठून बाहेर येणार. तरी तो रडतोय. लोकांसमोर, लाज न धरता रडतोय.

"देवा, तुला आशा नव्हती काय रे?" मावशी ओरडली. "तरी तू रडलास! मग मी कोण हिचं तोंड धरणार? माझं चुकलं. माझं चुकलं गं पोरी. रड. रड की!"

दीनाचं तोंड उघडलं.

आवाज नाही.

तोंड उघडं, डोळ्यांतून धारा लागलेल्या, छाती भात्यासारखी वरखाली होतेय, आणि आवाज नाही. तो सगळा पाण्याखाली. दोघींची पावलं आता पाण्यात होती.

मग मावशीनं ते केलं जे तिनं जन्मात केलं नव्हतं. नवऱ्याच्या पेटीपाशीसुद्धा नाही. तिनं दीनाच्या गळ्यात गळा घातला आणि हेल काढला. बेसूर, फाटका, म्हातारा.

"अक्षू गं... आईला नेऊ नगं गं माझ्या बाई..."

पाण्याखालचा आवाज थांबला. ऐकल्यासारखा.

मग पुन्हा सुरू झाला, मावशीच्या सुरात सूर मिळवून. दोन आवाज. एक वर, एक खाली. खालचा जवळ येत होता... अजून जवळ...

आणि मावशीच्या घशातून काहीतरी गार आत गेलं. तळ्याचं पाणी नव्हतं, ती तोंडापर्यंत बुडालेली नव्हती. पण गार, शेवाळाच्या वासाचं काहीतरी घशातून उतरलं आणि छातीत जाऊन बसलं.

पाणी गप्प झालं.

वरून कासरा पडला. शमुवेल आणि अण्णारावांनी दोघींना ओढून काढलं. बांधावर शरणम्मानं दीनाला मांडीवर घेतलं आणि पदरानं वारा घालत राहिली. या वेळी तिला कुणी बाजूला केलं नाही.

एवढ्यावर संपायला हवं होतं.

दीना वाचली. तिचा बोलण्याचा आवाज हळूहळू परत आला. शेततळं बुजवलं. ती शेतात जाते, उपासनेला येते. रडतेही. पण तिच्या रडण्याला आवाज नाही. डोळे वाहतात, तोंड उघडतं, आणि आवाज येत नाही. डॉक्टरांना विचारून झालं. सगळं नॉर्मल आहे म्हणतात.

आणि मावशी पुन्हा मयतीच्या घरी जायला लागली. आता ती कुणाला गप्प करत नाही. जाते, गळ्यात गळा घालते आणि त्यांच्याबरोबर रडते. नंतर भांडी घासते. लोक म्हणतात, सलोमीअक्का येऊन गेल्या की छातीवरचा दगड उतरतो.

फक्त...

गेल्या हिवाळ्यात माझी आई गेली. इथं, नांदेडला. मावशीची ती सख्खी बहीण. मावशी आली, पिशवी खाली ठेवली आणि मला मिठी मारली. तिनं हेल काढला.

माझ्या अंगावर काटा आला. अजून येतोय.

मिठी मावशीची. अंगाला बामचा वास मावशीचा. आणि कानाशी जो आवाज रडत होता तो पंचविशीतल्या बाईचा होता. कोवळा, उंच. आणि माझ्या पंचाहत्तर वर्षांच्या आईच्या मयतीत तो म्हणत होता,

"अक्षू गं... पान्याकडं जाऊ नगं गं..."

मला सुटायचं होतं. पण खरं सांगू? मी सुटले नाही. मी त्या आवाजाबरोबर रडले. आईसाठी एवढं रडता येईल असं मला वाटलंच नव्हतं. रडून झाल्यावर माझ्यासाठी भात कालवून मावशीनंच मला भरवलं, तिच्या नेहमीच्या घोगऱ्या आवाजात "खा गं" म्हणत.

आता मावशी माझ्याकडंच आहे. हृदय फार अशक्त झालंय. डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन काय ते सांगितलंय. मावशी नर्स, तिला न सांगताच कळलं.

आणि दीनाचे फोन सुरू झालेत.

आधी तब्येत विचारायची. अक्का कशा हाईत, जेवल्या का. मग परवा म्हणाली, "ताई, एक इचारू का? अक्काला इचारा, माझं रडनं मला कवा देत्यात?"

तीच पुढं म्हणाली,

"त्या गेल्या की त्ये बी जाईल की ओ. माझ्या लेकराचं रडनं हाय त्ये, ताई. म्या अजून रडलेच न्हाई तिच्यासाठी. समदे रडले. म्या न्हाई रडले."

मी मावशीला सांगितलं.

"न्हाई," ती म्हणाली. "दिलं तर त्ये तिला पुन्हा पाण्याकडं नेईल. माझ्यासंगं मातीत जाऊ दे."

"पण मावशी, ते तिचं आहे."

"म्हणूनच न्हाई." आणि तिनं भिंतीकडं तोंड केलं.

मावशी मायेनं बोलतेय, मला कळतं. पण त्या दिवशीही तिनं मायेनंच हात ठेवला होता. तळं तर बुजलंय, मग पाणी कुठलं? आणि विहिरी काय कमी आहेत आमच्या मुलखात? दीनाला आता दुसरं मूल आहे. रडणं परत मिळालं आणि ती गेली तर? नाही मिळालं आणि ती अशीच मुकी रडत जगली तर? मी रोज प्रार्थना करते. उत्तर येत नाही.

हे लिहितेय तेव्हा दुपार आहे. गल्लीत कुणी नाही. आत मावशी झोपलीय आणि झोपेत तिच्या घशातून बारीक, कोवळं मुसमुसणं ऐकू येतंय.

टेबलावर फोन वाजतोय. दीनाचा आहे.

मी अजून उचललेला नाही.